खिडकीतला दुधी

दुधीची दोन्ही टोकं शाबूत होती आणि सुरी कुठून चालवायची हेच तिला कळेना.

हसण्यासारखीच गोष्ट होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने इतके दुधी चिरले होते की त्यांची रांग लावली असती तर ती पार तिच्या ऑफिसच्या दारापर्यंत गेली असती. पण त्यातला एकही तिच्या हातात अख्खा आला नव्हता. सासूबाई बागेतून दुधी आणायच्या तो देठाकडची एक पातळ चकती उडवूनच. काकडीचंही तेच. ती त्या कापलेल्या बाजूने सुरुवात करायची आणि सरळ पुढे जायची. आज देठ जागच्या जागी होता, कारण दुधी तिने स्वतः तोडून आणला होता. शेवटी तिने मधोमध सुरी घातली आणि दोन तुकडे केले.

सासूबाई उन्हाळ्याच्या तोंडाशी गेल्या. एका सकाळी उठल्याच नाहीत, एवढंच. दुधीच्या बिया त्यांनी त्याआधीच टोचून ठेवल्या होत्या आणि रोपांना जेमतेम चार-चार पानं फुटली होती. मागे राहिलेल्या कुणालाच काही सुचत नव्हतं, रोपांना मात्र सगळं सुचत होतं. ती वाढली, मांडवावर चढली, फुलली, आणि आता मांडवाखालून चालताना डोक्याला दुधी लागत होते.

तिला ऑफिसात सगळे तक्रारबाई म्हणायचे. पाणीपुरवठ्याच्या तक्रारी घ्यायच्या खोलीत ती फोनवर बसायची. नळाला पाणी नाही, पाण्याला रंग आहे, रस्त्यात पाइप फुटलाय, आणि तुम्ही लोक झोपा काढता का. या सगळ्यांवर तिचं एकच उत्तर असायचं, "नोंद केली आहे." लोक तिकडून घसा ताणून ओरडायचे आणि ती इकडे शांतपणे पेन्सिलीला टोक काढायची. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा, "तक्रारबाई, तुमच्या अंगावर वीज पडली तरी तुम्ही नोंद केली आहे म्हणाल." तीही हसायची.

सासूबाई गेल्या तेव्हाही ती रडली नाही. लोक भेटायला येत होते, ती चहा करत होती, कपात साखर किती ते विचारत होती. दोन-चार जणींनी एकमेकींकडे बघितलं. सून ती सून, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. तिला त्याचंही काही वाटलं नाही. पाय झोपल्यावर त्यावर कुणी चिमटा काढला तर जसं लांबून कळतं, तसं तिला सगळं लांबून कळत होतं. कुणी काही विचारलं की ती "बरं" म्हणायची.

नवऱ्याला बाग काढून टाकायची होती, तेव्हाही ती "बरं" म्हणाली.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस मुळातच कमी बोलणारा, त्यात आई गेल्यापासून घरात असला की खिशातलं फडकं काढून स्वतःचाच चष्मा पुसत बसायचा. काचा झिजतील अशी भीती वाटावी इतका. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "मागचं सगळं काढून टाकू. फरशी घालून घेऊ. साफसफाई तरी सोपी होईल."

"बरं," ती म्हणाली.

"मला तिकडे बघवत नाही."

"बरं."

"मग रविवारी बोलावतो फरशीवाल्याला."

ती कप विसळायला उठली. रविवार आला की बाग जाणार, एवढं तिच्या डोक्यात शिरलं आणि एका कोपऱ्यात जाऊन पडलं.

तसं पाहिलं तर तिचा त्या बागेशी संबंधच नव्हता. याला कारण होती गाजरं. नवी नवरी असताना, आपणही घरात काहीतरी करून दाखवावं म्हणून, तिने एका दुपारी सासूबाई झोपल्या असताना वाफ्यातलं गवत काढलं होतं. उपटून छान ढीग केला होता, वाफा आरशासारखा स्वच्छ. ती गाजराची कोवळी रोपं होती. सासूबाई उठून आल्या, वाफ्याकडे बघितलं, मग ढिगाकडे, मग तिच्याकडे. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघ, स्वयंपाकघर तुझं, बाग माझी. मी ओट्याला हात लावायची नाही, तू वाफ्यात पाय ठेवायचा नाही. दोघी सुखात राहू."

आणि तसंच झालं. दोघीही शब्दाला इतक्या पक्क्या की भाजी द्यायला सासूबाई स्वयंपाकघरात येत नसत. स्वयंपाकघराची खिडकी बागेकडे उघडायची. त्या बाहेरून खिडकीच्या कट्ट्यावर भाजी ठेवायच्या. हिवाळ्यात वाटाण्याच्या शेंगा, मुळे, मातीसकट गाजरं, पालकाच्या जुड्या. ऊन वाढलं की काकड्या, टोमॅटो, घेवडा आणि मग दुधी, दुधी, दुधी. लग्नाआधी तिला चहापलीकडे काही येत नव्हतं. खिडकीत जे आलं त्याचं काय करायचं, हे ती हात भाजत, मीठ चुकवत आपलं आपण शिकली. पालकात पाणी घालायचं नसतं हे पालकानेच तिला शिकवलं. सासूबाई पानात पडेल ते खायच्या. चांगलं झालं असेल तर पुन्हा मागून घ्यायच्या आणि नसेल तर पाणी जास्त प्यायच्या. कौतुक आणि टीका, दोन्ही एवढ्यावरच भागायचं.

दुधी किंवा काकडी ठेवताना मात्र त्या दोन शब्द बोलायच्या.

"गोड आहे, घे."

"ठेवा तिथे," ती म्हणायची. पाठ न वळवता, कारण गॅसवर काहीतरी असायचंच. आणि सासूबाई दुधी ठेवायच्या, कापलेली बाजू आत करून, आणि ती तो उचलेपर्यंत खिडकीबाहेर उभ्या राहायच्या. कधी कधी बराच वेळ. तिला त्याचा राग यायचा. ठेवलाय ना, मग जा की. आणि हे गोड आहे, गोड आहे काय? स्वतःच्या दुधीचं एवढं कौतुक! शिवाय ती कापलेली चकती. नवऱ्याजवळ ती एकदा कुरकुरली होती, "तुमच्या आई प्रत्येक दुधीचा पहिला घास स्वतः खातात आणि मग मला देतात. उष्टा दुधी शिजवते मी रोज."

"चकतीच आहे ती," नवरा म्हणाला होता. "खाऊ दे की."

आणि एक वेडेपणा होता. जवळजवळ दर वर्षी, ऐन बहरात, त्या दुधीचा एखादा वेल मुळापासून उपटून टाकायच्या. रोगट नव्हे, चांगला लगडलेला. पोरांसारखे दुधी लटकलेले असताना तो ओढून काढायचा आणि कुंपणाशी नेऊन टाकायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती खिडकीतूनच ओरडली होती, "अहो आई, चांगला आहे ना वेल!" सासूबाईंनी हात झटकले होते आणि म्हणाल्या होत्या, "तू तुझं कालवण बघ."

तर त्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, अख्ख्या दुधीचे दोन तुकडे केल्यावर देठाचा तिने फार विचार केला नाही. कांदा परतला, लसूण घातला, दुधीच्या फोडी घातल्या, झाकण ठेवलं. मिरपूड जरा जास्त पडली. भात झाला होता. नवरा दुकानातून जेवायला आला, तिने त्याला वाढलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या गल्लीतल्या बाई होत्या. त्यांच्या नळाला पाणी नव्हतं आणि तक्रारबाईंचा घरचा नंबर त्यांना माहीत होता, म्हणजे सुट्टीचा प्रश्नच मिटला. ती फोनवर हं हं करत उभी राहिली. नवरा खाली मान घालून जेवत होता. फोन ठेवून ती येऊन बसेपर्यंत त्याचं ताट स्वच्छ झालं होतं.

तिने पहिला घास घेतला आणि तोंडातून जाळ उठल्यासारखं झालं. कडू. साधं कडू नाही, जीभ मागे ओढली जाईल इतकं कडू. ती उठून मोरीपाशी धावली, थुंकली, चूळ भरली, परत थुंकली.

"अहो, कडू जहर आहे हे! तुम्ही सगळं खाल्लंत?"

नवऱ्याने ताटाकडे बघितलं. "खाल्लं."

"कळलं नाही तुम्हाला?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. "कळलं ना. पण मला वाटलं, माझ्याच तोंडाची चव गेलीय. हल्ली सगळं तसंच लागतं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस ती त्याला वाढत होती, तो खात होता, आणि त्याला काय लागतंय ते तिने विचारलं नव्हतं. स्वतःला काय लागतंय तेही तिला सांगता आलं नसतं.

तासाभरात तो वाकून ओकायला लागला. पोट धरून मोरीपाशीच बसला. ओकारीत शेवटी लाल दिसलं तेव्हा तिने रिक्षा बोलावली आणि त्याला दवाखान्यात नेलं. त्याला आत घेतलं, हाताला सलाईन लावलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. ती चित्रं तिने क्रमाने बघितली, मग उलट्या क्रमाने.

डॉक्टर बाई तरुण होत्या, दमलेल्या. त्या येऊन तिच्या शेजारीच टेकल्या.

"घाबरू नका. वेळेत आणलंत. रात्रभर ठेवू, सकाळी न्या. खाण्यात काय आलं होतं?"

"दुधी."

"कडू होता?"

"खूप."

"तरी खाल्ला?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, कडू दुधी म्हणजे विषच. एखादा वेलच तसा निघतो, मग त्याचं फळ न् फळ कडू. म्हणून चिरायच्या आधी देठाकडची चकती चाखून बघायची असते. तुम्ही चाखत नाही?"

"आमच्याकडे आई चाखायच्या," ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो. हे वाक्य तिला कुणी शिकवलं नव्हतं, याआधी ते तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मग आज नव्हत्या का त्या घरी?"

"नाही. आता नसतात."

डॉक्टर बाईंना काय समजायचं ते समजलं. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्या उठून गेल्या. ती तिथेच बसून राहिली. सासूबाई गेल्या, हे तिला आत्ता, या बाकावर कळलं. इतके दिवस ती फक्त ऐकून होती. खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या सासूबाई तिला दिसत होत्या. त्या कशासाठी उभ्या राहायच्या, ते तिला अजूनही माहीत नव्हतं. कदाचित काही सांगायचं असेल, कदाचित नुसतं सावलीत टेकायचं असेल. आता ते विचारायला माणूस नव्हतं. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. फक्त तोंडात ती चव तशीच होती.

रविवारी सकाळी नवऱ्याला घेऊन ती घरी आली तेव्हा फरशीवाला दारात हजर होता. फावडं, टिकाव, घमेलं, सगळा लवाजमा घेऊन. गडी बोलका होता.

"साहेबांचा चेहरा का असा उतरलाय? माझं बिल अजून दिलं पण नाही हो मी!" स्वतःच हसला. मग मागे जाऊन बाग बघून आला. "एवढं सगळं काढायचं? लई माल आहे हो अजून. बरं, आपल्याला काय. कुठून सुरू करू?"

"थांबा जरा," ती म्हणाली.

नवरा पलंगावर आडवा झाला होता. ती त्याच्यापाशी गेली. "फरशी नको."

"अगं, तूच बरं म्हणालीस."

"मी सगळ्यालाच बरं म्हणत होते."

"मला बघवत नाही तिकडे," तो म्हणाला. आवाज पडला होता त्याचा. "खिडकीतून बघितलं की वाटतं, असेल इथेच कुठेतरी वाकलेली."

"मग चष्मा काढून ठेवा."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हसला, अगदी थोडंसं, पोट दुखत होतं म्हणून बेतानेच. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिने त्याच्या पाठीवर पांघरूण ओढलं आणि मागच्या दाराकडे गेली.

दारामागच्या खिळ्यावर नवऱ्याचा जुना शर्ट होता. बागेत जाताना सासूबाई तो साडीवरून चढवायच्या. तिने तो घातला. बाह्या तिलाही लांब झाल्या. खिशात घडीचा चाकू होता.

मांडवाखाली चार वेल होते, पण वर जाऊन त्यांनी एकमेकांत इतके हात अडकवले होते की कुठलं फळ कुणाचं ते बघून सांगता येत नव्हतं. फरशीवाला फावड्यावर रेलून बघत होता. तिने पहिल्या वेलाच्या बुंध्याला हात लावला आणि बोटांनी त्याचा माग काढत वर गेली. पानांतून, तणाव्यांतून, एका दुधीपर्यंत. तो तोडला. देठाकडची चकती कापली आणि जिभेवर ठेवली. हिरवट, पाणचट, शेवटी जराशी गोड. सासूबाई गोड कशाला म्हणायच्या ते तिला कळलं. साखरेसारखं गोड नव्हतंच ते. कडू नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या वेलाचाही गोड.

तिसऱ्याची चकती जिभेला लागली मात्र, तिने ती थुंकली. नळाशी जाऊन तिने तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं. मग येऊन चौथा चाखला. चौथा चांगला होता.

परत ती तिसऱ्या वेलापाशी आली. सगळ्यांत भरलेला तोच होता. त्याच्यावर फळं तर होतीच, शिवाय नवी फुलं, आणि फुलांमागे बोटाएवढे बाळदुधी. तिने बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. मुळं सहज सुटली, पण वरचा पसारा मांडवाला सोडेना. ती ओढत राहिली आणि दुधी धपाधप खाली पडत राहिले.

"अहो बाई!" फरशीवाला फावडं टाकून पुढे आला. "चांगला आहे ना वेल! एवढा लगडलेला!"

"कडू आहे," ती म्हणाली.

"एक-दोन मी नेतो की. मीठ लावून ठेवलं की जातो कडूपणा."

"नाही जात. हात लावू नका." मग तिला वाटलं, आपण फार तोडून बोललो. तिने पहिल्या वेलाचा दुधी उचलून त्याच्या हातात दिला. "हा न्या. चाखलाय मी."

त्याने कापलेल्या बाजूकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि उष्टा दुधी घ्यावा की नाही अशा विचारात तो घमेल्यात ठेवला. तिला ते बरोबर कळलं. तिने काही समजावलं नाही. फरशी घालायची नाही म्हटल्यावर फरशीवाला आपला लवाजमा उचलून, वर एक दुधी घेऊन गेला. उपटलेला वेल तिने कुंपणाशी ओढत नेला आणि पडलेले दुधी त्याच्यावर टाकले.

दुसऱ्या आणि चौथ्या वेलाचे दुधी उरले होते, त्यातला दुसऱ्याचा तिने उचलला. नवऱ्याला आज मऊ भात आणि दुधीचं पातळ कालवण द्यायचं होतं. मिरपूड नको, लसूण नको. ती खिडकीपाशी आली. बाहेरच्या बाजूने त्या खिडकीशी ती कधी उभी राहिली नव्हती. इथून ओटा दिसत होता, गॅस दिसत होता, आणि गॅसपाशी उभ्या असणाऱ्या माणसाची फक्त पाठ दिसेल अशी ती जागा होती.

तिने दुधी कट्ट्यावर ठेवला. कापलेली बाजू आत केली.

आणि ती थांबली. आत कुणी नव्हतं, तरी थांबली. मग वळसा घालून मागच्या दाराने आत आली, चपला काढल्या, शर्ट खिळ्याला लावला, हात धुतले. स्वयंपाकघरात येऊन तिने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, आणि नेहमीसारखी खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. पाणी तापायला लागलं.

तेव्हा ती वळली. खिडकीपाशी गेली, दुधी दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

"घेतला, आई," ती म्हणाली.